रक्तातून कॅन्सरच्या पेशी पकडणारे रॉकेट: ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजबद्दल

लॅबवाली_हिंगणघाट

नमस्कार मंडळी, धागा जरा लांब होईल पण वाचा. सध्या आमच्याकडच्या प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला आहे, कापसाच्या भावाच्या ग्रुपवर, बचत गटाच्या ग्रुपवर, भजनी मंडळाच्या ग्रुपवरसुद्धा, की अमेरिकेने रक्तात सोडायचे बारीक रॉकेट बनवले, ते स्वतः पळतात, कॅन्सरची पेशी दिसली की धरतात आणि आता किमो, शेक (म्हणजे रेडिएशन), ऑपरेशन काहीच लागणार नाही. लॅबमध्ये रक्त घ्यायला बसले की पेशंटच विचारतात, मॅडम ते रॉकेट आपल्याकडे कधी येणार. एक काकाजी तर म्हणाले आम्ही नागपूरची तारीखच पुढे ढकलली, थोडं थांबून पाहू. ते ऐकलं आणि पोटात गोळा आला, म्हणून हे लिहून राहिले.

संशोधन खरं आहे, मेसेज खोटा आहे. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो कॅम्पसमधल्या जोसेफ वांग आणि लियांगफांग झांग यांच्या गटाने हे काम छापलं. त्यांनी बारीक नळ्या बनवल्या, लांबी साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. नळीला आतून प्लॅटिनम, बाहेरून सोनं. नळी ज्या पाण्यात सोडायची त्यात थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळायचं. प्लॅटिनमला लागलं की पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन होतं, ऑक्सिजनचे बुडबुडे नळीच्या रुंद तोंडातून बाहेर पडतात आणि नळी उलट्या दिशेला पळते. मधल्या थरात निकेल, म्हणजे बाहेरून चुंबक दाखवून तिला वळवता येतं. आणि सोन्यावर अँटिबॉडी चिकटवलेल्या, अशा की त्या सीईए नावाच्या प्रोटीनलाच धरतात. सीईए टेस्ट आम्ही रोज नागपूरला पाठवतो, मोठ्या आतड्याच्या, जठराच्या, स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये हे प्रोटीन बऱ्याचदा वाढलेलं असतं. नळी पळता पळता ज्या पेशीवर सीईए आहे तिला जाऊन चिकटली आणि तिला ओढत घेऊन गेली. ज्या पेशींवर ते नव्हतं त्यांना घासून नुसती पुढे निघून गेली.

पण हे सगळं कुठे झालं तर काचेवर, सूक्ष्मदर्शकाखाली, मिठाच्या द्रावणात आणि पातळ केलेल्या सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पिवळसर पाण्यात. माणसाच्या अंगात एकही नळी गेलेली नाही. आणि मूळ उद्देशसुद्धा रक्ताच्या नमुन्यातून पेशी वेगळी काढून तपासणं हा होता. पेशंट बरा करण्याचा दावा त्यांनी केलाच नव्हता.

आता एवढा खटाटोप कशासाठी ते सांगते, कारण हे माझ्या रोजच्या कामातलं आहे. रक्ताचा एक थेंब काचेच्या टोकाला ठेवायचा, दुसरी काच तिरकी टेकवायची, थेंब कडेने पसरू द्यायचा आणि एका दमात पुढे ढकलायची, हात जरा थबकला की स्मिअरवर, म्हणजे त्या पसरलेल्या थरावर, पट्टे पडतात. वाळलं की लिश्मन नावाचा रंग ओतायचा, मग बफर, मग नळाखाली हलक्या धारेने धुवायचं, जांभळट गुलाबी झालं की ऑइलचा थेंब टाकून शंभरच्या लेन्सखाली बघायचं. आम्ही १०० पांढऱ्या पेशी मोजतो आणि रिपोर्ट लिहितो. आता हिशोब बघा. एक मिली रक्तात तांबड्या पेशी जवळपास ५०० कोटी, पांढऱ्या ४० लाख ते १ कोटीच्या आसपास, आणि कॅन्सर पसरलेल्या माणसाच्या त्याच एक मिलीमध्ये गाठीतून सुटून आलेल्या पेशी कधी एक, कधी पाच, कधी दहा, पुष्कळदा एकही नाही. माझ्या स्लाइडवर ती पेशी येण्याची शक्यताच धरायची नाही. ती शोधायला पळणारं, ओळखणारं, धरून आणणारं काहीतरी लागतं, म्हणून ही नळी.

ज्यांना जास्त माहिती असेल त्यांनी भर घाला. आणि ज्यांच्या घरी पेशंट आहे त्यांनी कृपा करून तारीख पुढे ढकलू नका.

वणीचे_सर

ताई, फार चांगलं केलं लिहिलं ते. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, एक गोष्ट जोडतो कारण पोरं नेहमी विचारतात की एवढी छोटी वस्तू पळवायला काय लागतं, हलकीच तर आहे.

उलट आहे. एवढ्या लहान आकाराला पाण्याचा चिकटपणाच सगळं ठरवतो, वस्तूचं वजन आणि आधी मिळालेला वेग यांना काही किंमतच उरत नाही. आपण नदीत हात मारला की हात थांबल्यावरही थोडं पुढे जातो. एडवर्ड पर्सेल या शास्त्रज्ञाने १९७७ मध्ये हिशोब करून दाखवलं होतं की एखाद्या जिवाणूने पोहणं थांबवलं तर तो अणूच्या रुंदीहूनही कमी अंतरात जागच्या जागी थांबतो. म्हणजे ढकलणं एक क्षण बंद झालं की खेळ संपला. दुसरं म्हणजे हात जसा पुढे नेला तसाच मागे आणला तर तेवढंच मागे येणार, त्यामुळे शिंपल्यासारखं उघडझाप करून पुढे जाताच येत नाही. म्हणून जिवाणूंची शेपटी स्क्रूसारखी फिरते. आणि म्हणूनच माणसाने बनवलेल्या या वस्तूंना बुडबुडे सोडणं, स्क्रूसारखं फिरणं अशी सतत ढकलत राहणारी काहीतरी युक्ती लागते.

सुरुवात २००४ च्या सुमारास झाली. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात आयुस्मान सेन आणि थॉमस मॅलौक यांनी अर्धी सोन्याची अर्धी प्लॅटिनमची काडी पेरॉक्साइडमध्ये सोडली आणि ती आपोआप चालायला लागली. सेन आपल्याकडचे, कलकत्त्याकडचे.

पऱ्हाटीवाला

ताई माह्या काकाले तोंडाचा हाये. जबड्याच्या आतून. मी पन तो मेसेज वाचला अन खरं सांगतो रातभर झोप नाई आली, वाटे की आता काई तरी निंगन. तुमचं वाचून वाईट बी वाटलं अन बरं बी वाटलं. येक विचारतो, हे पेरॉक्साइड म्हंजे जखम धुवाचं तेच ना, फेस येते ते? मंग ते रक्तात टाकून रॉकेट चालवता येत नाई काय, थोडंसंच टाकलं तर?

रेसिडेंट_नागपूर

भाऊ, नाही. अजिबात नाही. मी मेडिकल कॉलेजला रेसिडेंट डॉक्टर आहे, हे जरा ठासून सांगतो कारण काही लोक पेरॉक्साइड पाण्यात घालून प्या म्हणतात कॅन्सरवर. जखमेवर फेस येतो तो कशामुळे, तर आपल्या रक्तात आणि पेशींत कॅटालेज नावाचं एन्झाइम असतं, ते पेरॉक्साइड फोडून झपाट्याने ऑक्सिजन काढतं. तोच ऑक्सिजन शिरेत निघाला तर बुडबुडा फुप्फुसात किंवा मेंदूत जाऊन अडकतो, माणूस दगावू शकतो. प्यायलं तर अन्ननलिका आणि पोट भाजतं. आणि रॉकेटच्या बाजूने पाहिलं तरी रक्तातलं कॅटालेजच त्याचं इंधन खाऊन टाकतं. म्हणून नंतरच्या संशोधकांनी पेरॉक्साइड सोडून दुसरे रस्ते धरले.

वांग आणि झांग यांच्याच गटाने पुढे जस्ताचे मोटर, म्हणजे अशाच आपोआप पळणाऱ्या बारीक वस्तू, उंदराच्या पोटात चालवले, इंधन म्हणजे पोटातलं ॲसिडच. २०१७ मध्ये मॅग्नेशियमचे मोटर वापरून उंदराच्या जठरात अँटिबायोटिक पोचवलं. उंदीरच म्हणतोय मी, माणूस नाही, हे प्रत्येक वाक्यात लक्षात ठेवा.

तुमच्या काकांचं काय चाललंय सध्या? बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, झाली का? कुठे दाखवलं?

देवळीचा_पोरगा

मी बीएस्सीला आहे, हा विषय माझा फार आवडीचा आहे म्हणून सगळे वाचून काढतो ते. मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. ताईंचा मुद्दा मान्य, पण धाग्याचा सूर असा वाटतो की हे सगळं दूरचं आहे आपल्या कामाचं नाही. असं करू नका. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अंबरीश घोष यांचा गट स्क्रूच्या आकाराचे नॅनोरोबोट चुंबकाने फिरवतो, सरांनी सांगितलं तेच तत्त्व. २००९ मध्ये त्यांनी आणि पीअर फिशर यांनी हार्वर्डला असताना तो स्क्रू पहिल्यांदा मनासारखा चालवून दाखवला होता. २०२० मध्ये बंगळुरूच्या लोकांनी दाखवलं की हा स्क्रू कॅन्सरच्या पेशींच्या जवळ गेला की तिथल्या जागेला जास्त चिकटतो, कारण त्या पेशींच्या आजूबाजूला सियालिक ॲसिड नावाची साखर एका खास पद्धतीने जोडलेली असते आणि तिचा विद्युतभार वेगळा पडतो. म्हणजे रोबोट कुठे अडखळला त्यावरून कळतं की आजूबाजूला कॅन्सर आहे. पेरॉक्साइड नाही, बुडबुडे नाही, फक्त बाहेरून फिरणारं चुंबकीय क्षेत्र. हे भारतात झालंय. आपल्या पोरांनी याची स्वप्नं नाही बघायची तर कोणी बघायची?

आणि शेतकरी भाऊंसाठी एक, कारण हे वाचून मी उडीच मारली होती. बार्सिलोनाच्या एका संस्थेत असे नॅनोकण बनवले की ज्यांचं इंधन युरिया आहे. आपण पोत्याने टाकतो तोच युरिया, लघवीत असतो तो. कणावर युरिएज एन्झाइम लावलेलं, ते युरिया फोडून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड करतं आणि त्याच जोरावर कण पुढे सरकतो. उंदरांच्या मूत्राशयातल्या गाठीजवळ हे कण आपोआप जाऊन जमा झाले, त्यांच्यावर किरणोत्सारी आयोडीन बसवलेलं होतं, आणि गाठ जवळपास ९० टक्के आकसली. २०२४ च्या जानेवारीत हे छापून आलं.

लॅबवाली_हिंगणघाट

देवळीच्या भावा, तुझं म्हणणं मनापासून पटतं आणि तू असाच वाचत राहा. मला पण हे वाचताना अंगावर काटा येतो, रोज त्या लेन्समध्ये डोळा घालून बसणाऱ्या बाईला कोणी सांगितलं की ५०० कोटीतून एक पेशी पळत जाऊन पकडून आणली तर तिला काय वाटत असेल. माझा राग संशोधनावर नाहीच. राग त्या वाक्यावर आहे, "आता किमोची गरज नाही". ते वाक्य ना वांग यांनी लिहिलं ना घोष यांनी ना बार्सिलोनावाल्यांनी. ते कोणीतरी घरी बसून जोडलं आणि त्यापायी एका माणसाची तारीख हुकली.

आणि पेशी पकडायचं एक साधन आधीपासून प्रत्यक्ष वापरात आहे तेही सांगते. सेलसर्च नावाची सिस्टीम, अमेरिकेत २००४ पासून मंजूर. त्यात काही पळत नाही, लोखंडाच्या बारीक कणांवर अँटिबॉडी लावतात, साडेसात मिली रक्तात मिसळतात आणि चुंबकाने ओढून घेतात. ब्रेस्ट कॅन्सर पसरलेल्या बाईच्या त्या साडेसात मिलीमध्ये पाच किंवा जास्त पेशी सापडल्या तर आजार जास्त जोरात आहे असं समजतात. म्हणजे एवढ्या वर्षांनंतरही ही चाचणी आजाराचा अंदाज सांगायला आहे, पहिल्यांदा कॅन्सर शोधायला नाही. कोणी "एका रक्ताच्या थेंबात सगळे कॅन्सर" असं पॅकेज विकायला गावात कॅम्प लावला तर आधी डॉक्टरांना विचारा.

सुनबाई_दारव्हा

मी इथे नेहमी नुसती वाचते, आज लिहिते. माझ्या सासऱ्यांना गालाच्या आतून पांढरा चट्टा आहे आणि एका बाजूला घाव आहे तो पोळ्यापासून भरला नाही. तंबाखू-सुपारीचा खर्रा चालूच आहे. डॉक्टर म्हणाले तुकडा काढून तपासू. घरचे सगळे म्हणतात तुकडा काढला की पसरते, गावात एकाचं तसंच झालं म्हणे, सुई लावली अन दोन महिन्यात गेला. आता इथे वाचून तर मला अजूनच भीती वाटून राहिली कारण तुम्हीच म्हणता गाठीतून पेशी सुटून रक्तात फिरतात. मग सुई लावल्यावर तर अजून सुटतील ना? कोणी समजावून सांगाल तर बरं होईल, घरी मला बोलायला काही येत नाही त्यांच्यापुढे.

रेसिडेंट_नागपूर

ताई तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तुम्ही विचारला हे फार चांगलं झालं.

गाठीतून पेशी सुटतात त्या सुईमुळे नाही, गाठ आहे म्हणून सुटतात. १८६९ मध्ये ऑस्ट्रेलियात थॉमस ॲशवर्थ नावाच्या डॉक्टरने मेलेल्या कॅन्सर पेशंटच्या रक्तात गाठीसारख्याच पेशी पाहिल्या होत्या, तेव्हा बायोप्सीच्या सुया कुठे होत्या. गाठ जितके दिवस आत राहील तितके दिवस पेशी सुटत राहतील, दिवसा, रात्री, झोपेत. म्हणजे थांबण्यात धोका आहे.

दुसरं, सुटलेल्या पेशींपैकी बहुतेक रक्तातच मरतात. रक्ताचा झोत सहन होत नाही, शरीराचं सैन्य मारतं, कुठे टेकायला जागा मिळत नाही. १८८९ मध्ये लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी शेकडो बायकांच्या केसेस बघून लिहिलं होतं की बी सगळीकडे उडतं पण जमीन मानवली तरच रुजतं, म्हणून ब्रेस्टचा कॅन्सर काही अवयवांतच जास्त जातो. आजही शास्त्र तेच धरून चालतं.

तोंडाच्या घावाचा तुकडा काढणं म्हणजे जागा बधिर करून कडेचा बारीक भाग घेणं, पाच-दहा मिनिटांचं काम. तो तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर आहे की नाही, असेल तर कोणता, ऑपरेशन की शेक की किमो, काहीच ठरत नाही. गावात जो दोन महिन्यांत गेला त्याची गाठ बहुतेक आधीच शेवटच्या टप्प्यावर असणार. लोकांनी क्रम उलटा लावला असावा.

तोंडाचा घाव दोन-तीन आठवड्यांत भरला नाही तर दाखवायचाच असतो. पोळा होऊन किती दिवस झाले ते बघा. कृपया याच आठवड्यात न्या.

पऱ्हाटीवाला

डॉक्टर साहेब ते बियाचं तुमी बोलले ते डोक्यात बसलं. आमी सोयाबीन पेरतो तवा वाऱ्यानं बी धुऱ्यावर पडते, रस्त्यावर पडते, सगळीकडं थोडीच उगवते. हे कोनी आमाले असं सांगतच नाई.

काकाची बायोप्सी झाली, कॅन्सर निंगाला. आदी त्याईनं एका बाबाकडे मुळी खाल्ली, पावसाळा पुरा त्यातच गेला, कोनाचं नाव नाई घेत. आता नागपूरले तुकडोजी हॉस्पिटलमदे दाखवलं, ऑपरेशन अन मंग शेक असं म्हनले. मी तं त्या मेसेजपाई काकीले फोन करनार होतो की थांबा जरा. बरं झालं नाई केला.

आशाताई_कोरची

सगळ्यांना नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यात आशा आहे. रॉकेटचं मला पूर्ण समजलं नाही पण एवढं कळलं की लपलेली पेशी शोधायला ते बनवलं. तर मी म्हणते की आपल्याकडचा कॅन्सर तर लपलेलाच नाही जी. तोंड उघडलं की दिसतो. मोबाईलची बत्ती पुरते.

मी घरी जाते तेव्हा आधी बीपीचं, शुगरचं बोलते आणि मग म्हणते काकाजी जरा आ करा. तीन बोटं एकावर एक उभी तोंडात जातात का बघते. ज्याची दोनच जातात त्याचा गाल आतून आवळत चालला आहे, खर्ऱ्याने असं होते, हात लावला की गालात दोऱ्यासारखे पट्टे लागतात. भाजी जराशी तिखट झाली तर डोळ्यात पाणी येते, लोक म्हणतात वयामुळे. मग ओठ खाली ओढून बघते, जीभ वर करायला लावते, दोन्ही गालात बत्ती. पांढरा चट्टा, लाल चट्टा, न दुखणारा घाव, जाड झालेली कड. दुखत नाही म्हणूनच लोक दाखवत नाहीत. बायका तर पदर लावून बसतात, खर्रा खाते हे सांगायची लाज वाटते, पण आमच्याकडे बायकाही खूप खातात जी, बीडी पत्त्याच्या हंगामात, धानाच्या रोवणीत, भूक मारायला. पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना टाकून पाटीवर घोटताना पोरं उभी राहून बघतात.

काही जण म्हणतात मी तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी. त्यांना सांगा सुपारीने पण कॅन्सर होते, आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं.

रेसिडेंट_नागपूर

आशाताई बरोबर आहे तुमचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ मध्येच नुसत्या सुपारीला कॅन्सर करणारी म्हणून नोंदवलं आहे.

आणि तुम्ही जे करता त्याला मोठा पुरावा आहे. केरळात त्रिवेंद्रमला असाच अभ्यास झाला, डॉक्टर नाही, ट्रेनिंग दिलेले आरोग्य कार्यकर्ते घरोघर जाऊन तोंड बघत होते. २००५ मध्ये निकाल आला, तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. मुंबईला टाटा हॉस्पिटलने वस्त्यांमधल्या बायकांची आरोग्य सेविकांकडून हाताने स्तन तपासणी केली, पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्के कमी, २०२१ मध्ये छापलं. आणि आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, खेड्यापाड्यातल्या १ लाख ३० हजारांवर बायकांचा गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा अभ्यास झाला, एका गटात एकदाच एचपीव्ही टेस्ट, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची तपासणी, केली आणि त्या गटात मृत्यू जवळपास निम्मे झाले. २००९ ची गोष्ट. जगभरातले डॉक्टर तो पेपर वाचतात. ज्या बायकांनी त्यात भाग घेतला त्या आपल्यासारख्याच खेड्यातल्या होत्या.

देवळीचा_पोरगा

उस्मानाबादचं मला खरंच माहीत नव्हतं. मी सॅन दिएगो आणि बार्सिलोना वाचत बसलो आणि हे शेजारी झालं. पण एक विचारतो, मग हे नॅनो वगैरे कोणासाठी? तोंड बघायला बत्ती पुरते, मान्य, पण स्वादुपिंडाचं काय? माझ्या मित्राच्या आईचं तेच होतं, पोट दुखते दुखते म्हणून ॲसिडिटीच्या गोळ्या चालल्या आणि कळलं तेव्हा लिव्हरपर्यंत गेलं होतं. तिथे कोणती आशाताई बत्ती लावणार?

लॅबवाली_हिंगणघाट

हेच तर. वांग यांच्या गटाने ज्या पेशी पकडल्या त्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्याच होत्या, उगाच नाही निवडल्या. जो कॅन्सर आत खोल बसतो, उशिरा बोलतो, तिथे रक्तातून एक पेशी जिवंत पकडून आणली आणि तिची तपासणी करून कोणतं औषध लागू पडेल ते कळलं तर कितीतरी घरं वाचतील. ते व्हायलाच पाहिजे, तुझ्यासारख्या पोराने केलं तर मी पेढे वाटेन. फक्त त्यात अडचणी कोणत्या तेही अभ्यास. सगळ्या कॅन्सर पेशींवर सीईए नसतो, काही पेशी रक्तात आल्यावर अंगावरची ओळखच बदलतात मग अँटिबॉडी त्यांना धरत नाही. आपलं अख्खं रक्त घट्ट आणि पेशींनी खच्चून भरलेलं, पातळ सीरममध्ये पळणारी नळी तिथे अडते. पकडल्यावर पेशी न मारता सोडवायची कशी हा वेगळा प्रश्न. आणि अंगात सोडायचं म्हटलं तर काम झाल्यावर ते सोनं, प्लॅटिनम, निकेल बाहेर कसं काढायचं, निकेलची तर कित्येकांना ॲलर्जी असते, कानातल्यानेच कान सुजतो.

मला स्वतःला वाटतं की हे आधी लॅबच्या नळीत येईल, अंगात फार नंतर. आणि लॅबमध्ये आलं तर तालुक्याच्या लॅबमध्ये आलं पाहिजे. आता आमच्याकडून बायोप्सी बाहेर जाते आणि रिपोर्टसाठी पेशंट हेलपाटे घालतो, दर खेपेला मजुरी बुडते, तिसऱ्या खेपेला तो येतच नाही. रॉकेट बनवणारा कोणी हे वाचत असेल तर त्याने एवढं ध्यानात ठेवावं की आमच्याकडे लाइट जाते आणि मे महिन्यात खोलीत ४५ डिग्री असते, त्यात टिकेल असं बनवा.

वणीचे_सर

ताई, या शेवटच्या वाक्यावर माझ्या वर्गात एक तास घेतो मी. प्लॅटिनमऐवजी मॅंगनीज डायऑक्साइड वापरूनही पेरॉक्साइड फुटतं, ते आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत दाखवतो, जुन्या सेलमधली काळी पूड तीच. स्वस्त मोटर त्यापासूनही बनवले आहेत संशोधकांनी. पोरांना हे सांगितलं की डोळे चमकतात.

सुनबाई_दारव्हा

डॉक्टर साहेबांनी लिहिलेलं मी जसंच्या तसं सासूबाईंना वाचून दाखवलं, मग त्यांनीच सासऱ्यांना म्हटलं की चला. मामंजी आधी काही बोलले नाहीत मग म्हणाले सोमवारी जाऊ. यवतमाळला न्यावं की सरळ सेवाग्राम की नागपूर? आणि पैशाचं कसं, आमच्याकडे पिवळं रेशन कार्ड आहे. खर्रा सोडायला सांगितलं तर चिडतात, हात थरथरतो म्हणतात.

आशाताई_कोरची

ताई खर्रा एकदम सुटत नाही, चिडचिड होते, झोप येत नाही, पहिले काही दिवस फार वाईट जातात. त्यांना रागावू नका. सोफ, लवंग, ओवा जवळ द्या, खिशातली पन्नी काढून तिथे ते ठेवा. सुपारी नाही हं. तंबाखू सोडायला सरकारचा फुकट फोन आहे १८०० ११ २३५६, मराठीत बोलतात का ते विचारून घ्या, आणि जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडायचं केंद्र असते तिथे गोळ्या, च्युइंगम मिळू शकते. आमच्या जिल्ह्यात मुक्तिपथवाले गावात येऊन क्लिनिक घेतात, तुमच्याकडे कोण आहे ते आशाला विचारा.

पऱ्हाटीवाला

सुनबाई, माह्या अनुभवानं सांगतो, बायोप्सीपुरतं यवतमाळले मेडिकलमदे होऊन जाते, दूर जायाची गरज नाई. पुढचं लागलंच तं मंग नागपूर नाई तं सेवाग्राम. सकाळी लवकर निंगा, नंबर लागून जाते. घरचा एक मानूस जास्तीचा न्या, रांगेत उभं राहाले अन म्हाताऱ्या मानसाजवळ बसाले दोघं लागते. अन मामंजीले रस्त्यानं खर्ऱ्यावरून बोलू नका, ते घाबरूनच असन.

लॅबवाली_हिंगणघाट

भाऊंनी सांगितलं ते बरोबर. कागदांचं मी सांगते. पिवळं कार्ड आणि आधार, दोन्हींचं ओरिजिनल आणि झेरॉक्स. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात, योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, आधी तिथेच जा, पैसे भरून मग विचारू नका. आधीच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या, शुगर-बीपीचे कागद, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती पट्टीच सोबत घ्या आणि तुकडा काढायच्या आधी डॉक्टरांना दाखवा. पुढे उपचारासाठी रेल्वेने जाणं पडलं तर कॅन्सर पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला तिकिटात सवलत असते, दवाखान्यातून फॉर्म भरून घ्यायचा.

आणि हे बहुतेक कोणी सांगत नाही. तुकड्याचा नुसता रिपोर्ट घेऊन परत येऊ नका, पुढे दुसऱ्या दवाखान्यात जायचं ठरलं तर स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही मागून घ्या. ब्लॉक म्हणजे मेणाचा बारीक चौकोन असतो, त्यात तुमचा तुकडा बसवलेला असतो, त्यावरूनच दुसरे डॉक्टर पुन्हा तपासतात, तो हरवला तर पुन्हा तुकडा काढावा लागतो. डबीत घालून पिशवीत मध्ये ठेवा, गाडीच्या काचेजवळ किंवा डिक्कीत उन्हात ठेवू नका, मेण वितळते.